शॉक देतानाच जळालेला आयसीडी: एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण २१ वर्षांचा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला कॉलेजचा विद्यार्थी. त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी होती. जनुकीय दोषामुळे या आजारात हृदयाचा स्नायू जाड होतो आणि कधीही, काहीही सूचना न देता, खालच्या कप्प्यांत घातक बेताल ठोके सुरू होऊ शकतात. वरकरणी धडधाकट दिसणारी तरुण मुलं अशी काही मिनिटांत जातात. या मुलाचा धोका वरच्या गटातला होता. म्हणून २००१ मध्ये मिनियापोलिसला त्याच्या छातीत खबरदारी म्हणून आयसीडी (घातक बेताल ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) बसवण्यात आला: गायडंट कंपनीचा व्हेंटॅक प्रिझम २ डीआर, मॉडेल १८६१.

पेसमेकर मंद हृदयाला हलके विद्युत इशारे देत राहतो (यालाच पेसिंग म्हणतात), आणि ते काम दोन-पाच व्होल्टमध्ये भागतं. आयसीडी तेही करतो, पण त्याचं खरं काम वेगळं. बेताल ठोके ओळखायचे, बॅटरीतून काही सेकंदांत कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरायचा आणि ७०० व्होल्टच्या वर दाब देऊन सुमारे ३० ज्यूलचा झटका हृदयातून सोडायचा. असा प्रसंग वर्षानुवर्षं येत नाही. बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत तो कधीच येत नाही. म्हणजे यंत्रातल्या सर्वांत मोठ्या दाबाच्या भागाला रोजचं काम नसतं, आणि ज्या दिवशी काम पडतं त्या दिवशी दुसरी संधी नसते. हे प्रकरण समजून घेताना ही एक गोष्ट सतत डोळ्यासमोर ठेवावी लागते.

काय घडलं

मार्च २००५. सुट्टीत तो मैत्रिणीबरोबर युटा राज्यातल्या मोआबजवळ सायकलिंगला गेला होता. तिथे तो कोसळला आणि त्याला वाचवता आलं नाही. यंत्राची नेहमीची तपासणी जानेवारीच्या अखेरीस झाली होती, सगळे आकडे ठीक होते.

यंत्र काढून कंपनीकडे तपासायला गेलं. शॉक सोडण्याच्या क्षणी आत शॉर्टसर्किट झालं होतं. ऊर्जा हृदयात गेलीच नाही, उलट यंत्राचीच इलेक्ट्रॉनिक्स जळाली. इथवर हा एक दुर्दैवी अपघात म्हणता आला असता. पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारपूस करताना दुसरी गोष्ट कळली: याच मॉडेलमध्ये, याच जागी झालेले आणखी २५ बिघाड कंपनीला ठाऊक होते. पहिले दोन २००२ मधले.

बिघाड नेमका कुठे

आयसीडीची इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या हवाबंद डबीत असते. वरच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकसारखा भाग असतो, त्याला हेडर म्हणतात. लीडची (यंत्रापासून हृदयापर्यंत जाणाऱ्या वायरींची) टोकं या हेडरमधल्या सॉकेटमध्ये खोचून बारीक स्क्रूने आवळतात. डबीतून बाहेर आलेल्या वायरी हवाबंद सीलमधून हेडरमध्ये येतात आणि वळसा घेऊन सॉकेटला जोडल्या जातात.

या मॉडेलमध्ये मोठ्या दाबाची ऋण बाजूची वायर एका छोट्या धातूच्या नळीजवळून जात होती. ही नळी कारखान्यातली. डबी खरोखर हवाबंद झाली का हे तपासण्यापुरता तिचा उपयोग, नंतर ती नुसती तिथे राहते. पण ती डबीशी विद्युतदृष्ट्या जोडलेली होती आणि शॉक देताना डबी हाच दुसरा ध्रुव असतो. थोडक्यात, शेकडो व्होल्टचे दोन ध्रुव एकमेकांच्या अगदी जवळ, आणि मध्ये फक्त वायरीवरचं पॉलिइमाइडचं आवरण.

पॉलिइमाइड हा उत्तम विद्युतरोधक आहे, उष्णता सोसतो, पातळ थरातही काम देतो. त्याचा कच्चा दुवा पाणी. शरीरात बसवलेल्या यंत्राचं हेडर काळाच्या ओघात ओलावा शोषतं. ओलाव्याने पॉलिइमाइडची साखळी हळूहळू तुटते आणि आवरण खचत जातं. एकीकडे दाब, दुसरीकडे ओलावा, आणि वायर नळीच्या जवळ: तीन गोष्टी जुळल्या की मोठ्या दाबाखाली ठिणगी उडी मारते. सर्व यंत्रांत वायर सारख्याच अंतरावर नसते, म्हणून बिघाड थोड्यांतच दिसला आणि तोही दोन-तीन वर्षांनी.

जानेवारीच्या तपासणीत हे का दिसलं नाही? दवाखान्यातला प्रोग्रॅमर (बाहेरून यंत्राशी संपर्क साधणारं उपकरण) बॅटरीचा दाब, लीडचा विरोध, ठोके टिपण्याची क्षमता आणि पेसिंगला लागणारे व्होल्ट पाहतो. हे सगळं कमी दाबाचं. अर्धवट खचलेलं आवरण पाच व्होल्टला सहज तोलून धरतं, सातशेला नाही. पूर्ण शक्तीचा चाचणी-शॉक दिला असता तर कदाचित दोष उघडा पडला असता, पण त्यासाठी रुग्णाला भूल देऊन हृदयात मुद्दाम बेताल ठोके आणावे लागतात. शिवाय आजची चाचणी पार पडली म्हणून सहा महिन्यांनी आवरण टिकेल याची हमी नाही. रिमोट मॉनिटरिंगबाबतही तेच. यंत्र रात्री घरबसल्या अहवाल पाठवतं हे सोयीचं आहे, पण ते पाठवतं कमी दाबाचे आकडे.

पहिला निर्णय: २००२, कंपनीत

दोन यंत्रं परत आली, कारण सापडलं. कंपनीने एप्रिल २००२ मध्ये उत्पादनात एक बदल केला, नोव्हेंबरमध्ये दुसरा. अभियांत्रिकी म्हणून हे चोख होतं. दोष शोधला, मूळ कारण गाठलं, पुढची यंत्रं सुधारली. पण त्या वेळी तीन प्रश्न उघडे होते.

एक, आधी बनलेल्या आणि अजून विकल्या न गेलेल्या यंत्रांचं काय? ती मागे घेता आली असती. घेतली नाहीत. सुधारित यंत्रं तयार होत असताना जुना साठाही विकला गेला आणि रुग्णांच्या छातीत बसला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी समर्थनीय वाटतो तो हा निर्णय. रुग्णाच्या शरीरातलं यंत्र बदलण्यात धोका असतो, गोदामातलं बदलण्यात फक्त खर्च असतो.

दोन, मॉडेलचा क्रमांक. सुधारणेआधीचं यंत्रही १८६१ आणि नंतरचंही १८६१. फरक फक्त उत्पादनाच्या तारखेत आणि सीरियल नंबरात. शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ पाकीट उघडणाऱ्याला आपल्या हातात कोणतं आहे हे कळण्याचा मार्गच नव्हता.

तीन, डॉक्टरांना सांगायचं का? कंपनीने नाही म्हटलं. तिची बाजू अशी होती: बिघाडाचं प्रमाण अत्यल्प आहे, पत्र गेलं की घाबरून हजारो लोक यंत्र बदलून घेतील, त्या शस्त्रक्रियांत जंतुसंसर्ग होईल, काही दगावतील, म्हणजे सांगण्यानेच नुकसान जास्त. हा युक्तिवाद हास्यास्पद नाही. त्यातला हिशोब बराचसा बरोबर होता, ते पुढे दिसेलच. गफलत दुसरीकडे होती. सरासरी रुग्णासाठीचं उत्तर कंपनीने प्रत्येक रुग्णासाठी देऊन टाकलं, तेही डॉक्टर आणि रुग्ण दोघांना न विचारता.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाला, एफडीएला, या बदलाची माहिती ऑगस्ट २००३ च्या वार्षिक अहवालात गेली, पण सुरक्षिततेशी संबंध नसलेला बदल अशा रूपात. हेच पुढे कोर्टात अंगाशी आलं.

दुसरा निर्णय: मे २००५, डॉक्टरांचा

मुलावर उपचार करणारे डॉ. बॅरी मॅरन हे या आजारातले जगन्मान्य तज्ज्ञ. त्यांच्याबरोबर होते मिनियापोलिस हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रॉबर्ट हाउझर. योगायोग असा की गायडंट ज्या कंपनीतून उभी राहिली त्या कार्डियाक पेसमेकर्सचे हाउझर एके काळी प्रमुख होते. यंत्राच्या आत काय असतं आणि कंपनीच्या बैठकीत काय बोललं जातं, दोन्ही त्यांना बाहेरून शिकावं लागलं नव्हतं.

मे महिन्यात कंपनीचे अधिकारी मिनियापोलिसला येऊन भेटले. डॉक्टरांची मागणी साधी होती: सर्व डॉक्टरांना कळवा. कंपनीने ठरवलं, कळवायचं नाही. आता डॉक्टरांपुढे मोजके मार्ग होते. फक्त आपल्या रुग्णांची यंत्रं बदलून गप्प बसणं. वैद्यकीय नियतकालिकात लेख देणं, पण तो छापून यायला महिने जातात आणि तेवढ्यात आणखी कोणी जाऊ शकतं. एफडीएकडे जाणं, ज्याचा वेग त्यांच्या हातात नव्हता. किंवा वर्तमानपत्र.

त्यांनी लेख तर लिहिलाच, पण थांबले नाहीत, न्यूयॉर्क टाइम्सच्या बॅरी मायर यांच्याशी बोलले. बातमी येणार हे कळल्यावर कंपनीने २३ मे रोजी डॉक्टरांना पत्र काढलं आणि २४ मे रोजी बातमी छापून आली. तीन वर्षं जे जमलं नव्हतं ते एका दिवसात झालं. रुग्णांना ही गोष्ट डॉक्टरांऐवजी पेपरातून कळावी हे काही चांगलं नाही. घाबरलेल्या रुग्णांचे फोन घेताना देशभरातल्या दवाखान्यांकडे उत्तर देण्यापुरतीही माहिती नव्हती. पण ही वेळ डॉक्टरांनी आणलेली नव्हती.

१७ जून २००५ रोजी परत-मागणी जाहीर झाली: १६ एप्रिल २००२ पर्यंत बनलेले प्रिझम २ डीआर, आणि त्यांच्या जोडीला २६ ऑगस्ट २००४ पर्यंत बनलेले कंपनीचेच कॉन्टॅक रिन्यूअल आणि रिन्यूअल २, ज्यांत याच जातीचा बिघाड होता. एफडीएने तिला सर्वांत गंभीर, म्हणजे पहिला वर्ग दिला. इथे ‘परत-मागणी’चा अर्थ नीट घ्यायला हवा. गाडीसारखं यंत्र कोणी परत मागत नाही. ज्याच्या छातीत आहे त्याच्याबाबत डॉक्टरांशी बसून ठरवा, असा त्याचा अर्थ.

तिसरा निर्णय: काढायचं की ठेवायचं

तोवर सुमारे २६,००० प्रिझम यंत्रांत २८ बिघाड नोंदले गेले होते. म्हणजे हजारात एक. आता पारड्याची दुसरी बाजू. जनरेटर, म्हणजे ही डबी, बदलणं ही लहान शस्त्रक्रिया समजली जाते: जुन्या व्रणावर चीर, त्वचेखालच्या खिशातून डबी बाहेर, लीड सोडवून तपासायच्या, नवी डबी जोडून टाके. तासाभराचं काम. पण जुना खिसा पुन्हा उघडला की जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा वाढतो. संसर्ग झाला तर डबीबरोबर लीडही उपटाव्या लागतात, आणि हृदयाच्या भिंतीला वर्षानुवर्षं चिकटलेली लीड काढणं हे खरोखर जिवावरचं काम. शिवाय डबी सोडवताना लीडचं आवरण कापलं जाण्याची भीती वेगळीच.

२००६ मध्ये कॅनडातल्या १७ केंद्रांचा आकडा आला. अशा सूचनांमुळे यंत्र बदललेल्या ५३३ रुग्णांपैकी ४३ जणांना, म्हणजे ८.१ टक्क्यांना, काही ना काही गुंतागुंत झाली. ३१ जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागेल इतकी मोठी. दोघे दगावले. हजारात एक बिघाडासमोर हा आकडा ठेवला की सरसकट बदलणं चूक, हे उघड होतं. कंपनीचं २००२ मधलं गणित इतपत खरं ठरलं.

तरीही प्रत्येक रुग्णाचं उत्तर एक नव्हतं. निर्णय चार गोष्टींवर फिरत होता. पेसिंगवर पूर्ण अवलंबून असलेल्या रुग्णाला यंत्र बंद पडलं की काही सेकंदांत भोवळ आणि पुढे मृत्यू. त्याच्याबाबत बदलण्याकडे कल. ज्याला आधी खरे शॉक बसले आहेत त्याला पुन्हा बसण्याची शक्यता मोठी. तिथेही तोच कल. बॅटरी वर्षभरात संपणार असेल तर बदल थोडा अलीकडे ओढणं सोपं. उलट ऐंशीच्या घरातला, मधुमेही, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांवर असलेला, आजवर एकही शॉक न बसलेला रुग्ण: तीन-तीन महिन्यांनी तपासणी, यंत्र आहे तिथेच. मिनेसोटातला मुलगा कोणत्या गटात बसला असता? तरुण, धोका वरचा, पुढे अनेक दशकं यंत्रावर काढायची. त्याला विचारलं असतं तर त्याने बदल निवडलाही असता, कदाचित नसताही. प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

या गणितात आणखी एक खोट आहे, ती सहसा कोणी बोलत नाही. २८ हा आकडा ‘सापडलेल्या’ बिघाडांचा. हृदयरोगी अचानक गेला की सगळे आजाराला दोष देतात, यंत्र काढून तपासायला पाठवणारे थोडे. दफन झालं, किंवा दहनाआधी काढलेलं यंत्र टाकून दिलं, की पुरावा गेला. म्हणून अशा यंत्रांचं बिघाडाचं प्रमाण नेहमी खालच्या बाजूला चुकतं, आणि जितका बिघाड प्राणघातक तितका तो लपण्याची शक्यता जास्त.

निष्पत्ती

२००६ मध्ये गायडंटचा हा विभाग बोस्टन सायंटिफिकने घेतला, एकूण व्यवहार सुमारे २७ अब्ज डॉलरचा. कंपनीनेच नेमलेल्या, डॉ. रॉबर्ट मायरबर्ग यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने मार्च २००६ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी हार्ट ऱ्हिदम सोसायटीने (हृदयाच्या ठोक्यांच्या तज्ज्ञांची संघटना) यंत्रांच्या कामगिरीबद्दल कधी आणि कसं कळवावं याच्या शिफारशी काढल्या.

२०१० मध्ये गायडंटने दोन गुन्हे कबूल केले: एफडीएला दिशाभूल करणारा अहवाल, आणि दुरुस्तीची वेळेत सूचना न देणं. न्यायाधीश डोनोव्हन फ्रँक यांनी पहिली तडजोड नाकारली, नुसत्या पैशांवर भागणार नाही म्हणून. जानेवारी २०११ मध्ये २९.६ कोटी डॉलरच्या वरचा दंड आणि वर तीन वर्षांची देखरेख, अशी शिक्षा झाली.

वेगळं काय करता आलं असतं

एप्रिल २००२ मध्ये हातात दोनच बिघाड होते. त्यावर जगभर धोक्याची घंटा वाजवा असं कोणी म्हणणार नाही. पण जुना साठा थांबवणं, सुधारित यंत्राला वेगळा मॉडेल क्रमांक देणं आणि एफडीएला बदलाचं खरं कारण लिहिणं, ही तीन कामं त्या आठवड्यात होण्यासारखी होती आणि तिन्हीत कोणाला कापायची गरज नव्हती. डॉक्टरांना पत्र थोडं पुढे, बिघाड पाच-सहा झाल्यावर गेलं असतं तरी २००५ च्या आधी पुष्कळ वेळ होता. पत्रात काय हवं होतं? सीरियल नंबरांची यादी, बिघाड कसा होतो, तो तपासणीत दिसत नाही ही स्पष्ट कबुली, आणि कोणत्या रुग्णांचा विचार आधी करावा.

डॉक्टरांच्या बाजूलाही एक शिकण्यासारखं होतं. परत आलेल्या यंत्राचा अहवाल येईल तेव्हा येईल, असं म्हणून फाइल बंद करण्याची सवय सगळीकडे होती. हाउझर आणि सहकारी केंद्रांची बिघाडांची स्वतःची नोंदवही होती, म्हणूनच पुढे २००७ मध्ये मेडट्रॉनिकच्या स्प्रिंट फिडेलिस लीड अपेक्षेपेक्षा लवकर तुटत आहेत हे मिनियापोलिसमध्ये लवकर लक्षात आलं. ऑक्टोबर २००७ मध्ये त्या लीडची विक्री थांबली. तोवर जगभर सुमारे २,६८,००० बसल्या होत्या.

हाच पेच, सॉफ्टवेअरमध्ये

ऑगस्ट २०१७ मध्ये सेंट ज्यूड (तेव्हा अॅबटच्या मालकीची) पेसमेकरमध्ये रेडिओ संपर्काची फट सापडल्याची सूचना आली. जवळून कोणी आज्ञा पाठवून पेसिंग बदलू शकेल किंवा बॅटरी रिकामी करू शकेल, अशी भीती. अमेरिकेत अशी ४,६५,००० यंत्रं. दुरुस्ती म्हणजे नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर), आणि तेही घरून नाही, दवाखान्यात येऊन. अपडेटला तीनेक मिनिटं, तेवढा वेळ यंत्र मिनिटाला ६७ ठोक्यांच्या साध्या पेसिंगवर. पुन्हा तोच तराजू: एका बाजूला कोणत्याही रुग्णावर प्रत्यक्षात न झालेला हल्ला, दुसऱ्या बाजूला अपडेट फसून यंत्र पूर्ण बंद पडण्याची लाखात तीन इतकी शक्यता. यावेळी मात्र आकडे, धोके आणि पेसिंगवर अवलंबून असलेल्यांसाठी तात्पुरत्या पेसिंगची सोय जवळ ठेवण्याचा सल्ला, सगळं पहिल्याच पत्रात होतं. निर्णय डॉक्टर आणि रुग्णाने मिळून घ्यायचा, असंही त्यात लिहिलं होतं.

आपल्याकडच्या दवाखान्यांसाठी

भारतात वैद्यकीय उपकरणांच्या बिघाडांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला, त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. नोंद डॉक्टर करू शकतात, रुग्णही करू शकतो. त्यासाठी मॉडेल, सीरियल नंबर आणि बसवल्याची तारीख लागते. ती यंत्राबरोबर मिळणाऱ्या कार्डावर असते. कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असावा. लीडचे नंबर वेगळे असतात, तेही टिपून ठेवावेत.

आपल्याकडे दहनाआधी यंत्र काढावंच लागतं, बॅटरी उष्णतेने फुटते म्हणून. म्हणजे दफनाबरोबर जमिनीत जाणारा पुरावा इथे आपोआप हातात येतो, आणि बहुतेक वेळा तो तसाच कचऱ्यात जातो. मृत्यू अचानक असेल तर क्रम असा ठेवावा. आधी प्रोग्रॅमर लावून साठवलेल्या नोंदी आणि शेवटचे ठोके छापून घ्यावेत. मग शॉकची सोय बंद करावी. चालू आयसीडीची लीड कापली की यंत्राला तो खळखळाट बेताल ठोक्यांसारखा वाटतो आणि काढणाऱ्याच्या हाताला शॉक बसू शकतो. लीड सॉकेटमधून ओढू नये, स्क्रू ढिला करून काढावी, नाहीतर हेडरमधला मूळ दोष आणि काढताना झालेली इजा वेगळी ओळखू येत नाही. यंत्र निर्जंतुक करावं, पण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नये. नातेवाइकांची लेखी संमती घेऊन ते कंपनीकडे विश्लेषणाला पाठवावं, आणि अहवालाची प्रत दवाखान्याच्या पत्त्यावर मागावी.